डिफरन्शियलमधली दुसरी बाटली

तेल दोन बोटांत चोळून, वास घेऊन त्याची प्रत सांगणारी माणसं पुण्यात पूर्वी पुष्कळ होती. अजूनही असतील. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात अशा एका गृहस्थांनी लोणच्याच्या बरणीतून आपल्या मोटारीचं तेल आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "वास घ्या आणि सांगा, चांगलं आहे की वाईट."

मी म्हणाले, "अहो, तपासावं लागेल. दोन दिवस द्या."

"मग तुम्ही कशाला बसला आहात इथे?"

तेल चांगलं होतं. बरणी मात्र नीट धुतलेली नव्हती, तपासणीत मीठ निघालं. तसं मी लिहून दिलं. पुढे कित्येक वर्षं ते आमचं गिऱ्हाईक होते आणि दर वेळी नवी बरणी आणत.

मी रसायनशास्त्र शिकलेली. माझं माहेर येरवड्याला, वडील सरकारी छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिक्षणाच्या बाबतीत कुणाला सवलत नव्हती. ताप असला तरी शाळा चुकत नसे. एम.एस्सी. झाल्यावर हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांची वंगणं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागले. हुद्दा 'तांत्रिक सल्लागार'. काम असं की कुठल्या गाडीच्या कुठल्या भागात कुठलं तेल घालायचं ते गॅरेजवाल्यांना जाऊन सांगायचं, आणि काही बिघडलं तर ते आपल्या तेलामुळे बिघडलेलं नाही हे दाखवून द्यायचं. साडी नेसून, बजाजच्या जुन्या स्कूटरवरून, डिकीत नमुन्यांच्या बाटल्या घेऊन मी अख्खं पुणं पालथं घातलं. नाना पेठेतल्या गॅरेजांमध्ये माझं नाव 'तेलवाल्या मॅडम' असं पडलं. सुजाता हे खरं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

ते दिवस उलथापालथीचे होते. देशाची दारं उघडली होती आणि परदेशी कंपन्यांचे चकचकीत डबे दुकानात आले होते. आमचे मालक आपटे साहेब रोज सकाळी तसा एखादा डबा हातात घेऊन फिरवून फिरवून बघत आणि म्हणत, "डबा छान आहे. आपलं तेल या डब्यात भरलं तर तेही छान होईल." गाड्याही नव्या यायला लागल्या होत्या. हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या. तिथली मुलं कॅलिफोर्नियातल्या मावसभावाचा ईमेल छापून आणत आणि सांगत की तुम्ही म्हणता ते तेल चुकीचं आहे. मावसभाऊ कधीकधी बरोबरही असायचा.

मला सगळ्यात जास्त विचारणा व्हायची ती एका खास प्रकारच्या डिफरन्शियलबद्दल. आता ते काय असतं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलपथक चौकात वळताना पाहा. बाहेरच्या बाजूचे वादक लांब ढांगा टाकतात, आतल्या बाजूचे जवळजवळ जागच्या जागी पाय हलवतात. गाडी वळताना तिच्या मागच्या दोन चाकांचं तसंच होतं. बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. दोन्ही चाकं एका सळईला घट्ट बांधली तर एक फरफटत जाईल. म्हणून मध्ये दाते असलेल्या चक्रांची एक पेटी असते, ती दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. तिला डिफरन्शियल म्हणतात. तिचा एक मोठा दोष आहे. एक चाक चिखलात गेलं की ते सहज फिरतं, म्हणून इंजिनाचा सगळा जोर त्यालाच मिळतो. कोरड्या जमिनीवरचं दुसरं चाक, जे गाडी बाहेर काढू शकलं असतं, ते ढिम्म उभं राहतं.

यावर उपाय म्हणून काही गाड्यांत त्या पेटीत पातळ पोलादी चकत्या एकावर एक दाबून बसवतात. एक चाक फार घसरायला लागलं की या चकत्या एकमेकींना धरतात आणि थोडा जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. या चकत्या तेलात बुडालेल्या असतात. साधं तेल घातलं तर वळताना त्या धरतात-सुटतात, धरतात-सुटतात, आणि गाडीच्या मागच्या बाजूने घुरघुर येते. म्हणून त्यात घर्षण सौम्य करणारा एक द्रव मोजून घालतात. गॅरेजमध्ये त्याला सगळे 'औषध' म्हणतात. कमी पडलं तर आवाज येतो. जास्त झालं तर आवाज येत नाही, पण चकत्याही धरत नाहीत, आणि ही महागडी पेटी साध्या पेटीसारखी वागायला लागते. मुख्य म्हणजे ते बाहेरून कळत नाही. गाडी गुपचूप चालते.

एवढं मला पाठ होतं. शेकडो जणांना मी ते सांगितलं होतं.

एका जानेवारीत, शनिवारी दुपारी, नाना पेठेतल्या गफूरभाईंच्या गॅरेजमधून फोन आला. गफूरभाई वयाने माझ्या वडिलांएवढे. बोलायला कमी, हाताला पक्के. डिफरन्शियल उघडून परत बसवावं ते त्यांनीच. तिथे एक नवीकोरी जीप उभी होती आणि तिच्याशेजारी फोनवर बोलत रोहित नावाचा एक तरुण फेऱ्या मारत होता. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता. कंपनीने ही जीप एका धर्मादाय दवाखान्याला देणगी द्यायची ठरवली होती. दवाखाना पौडच्या पुढे होता, डॉक्टर शैला नगरकर तो चालवत. दर गुरुवारी त्या डोंगरातल्या वाड्यांवर जात. गाडीच्या फक्त मागच्या चाकांना जोर होता, म्हणून चिखलासाठी त्यांनी मुद्दाम हे चकत्यांचं डिफरन्शियल मागून घेतलं होतं.

"मॅडम, ॲक्च्युअली प्रॉब्लेम असा आहे," रोहित म्हणाला, "उद्या फंक्शन आहे. अमेरिकेहून आमचे लोक आलेत. त्यांना या गाडीत बसवून कॅम्पसमध्ये एक राउंड मारायचाय. आणि ही गाडी वळताना म्हातारीसारखी कण्हते."

कुणीतरी आधी तेल बदलून साधं तेल घातलं होतं, औषधाशिवाय. आम्ही ते काढलं, आमचं नवं तेल भरलं आणि औषधाची एक बाटली घातली. एवढ्या तेलाला एकच बाटली लागते. मग औषध चकत्यांमध्ये मुरावं म्हणून गाडी हळूहळू इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवावी लागते. दवाखान्याचा ड्रायव्हर दत्तू, तिकडच्याच वाडीतला, नदीकाठच्या मैदानात गाडी घेऊन गेला. क्रिकेट खेळणारी पोरं बाजूला झाली आणि आठाच्या आकड्यात घिरट्या घालणारी जीप बघत बसली.

आवाज पुष्कळ कमी झाला, पण पूर्ण गेला नाही.

मी रोहितला म्हणाले, "हे राहू द्या. शे-दोनशे किलोमीटर चालली की आपोआप जाईल. नाही गेला तरी हरकत नाही, थोडा आवाज म्हणजे चकत्या कामावर आहेत."

"मॅडम, उद्या सकाळी दहाला आहे फंक्शन. दोनशे किलोमीटर कधी चालवू?"

त्याने आपटे साहेबांना फोन लावला आणि मग फोन माझ्या हातात दिला. साहेबांना या सॉफ्टवेअर कंपनीचं शिफारसपत्र हवं होतं. परदेशी डब्यांच्या गर्दीत तसं एक पत्र भिंतीवर लावायला मिळालं असतं.

"बाई, आवाज बंद करा," ते म्हणाले. "तत्त्वज्ञान सोमवारी."

गफूरभाई कापडाला हात पुसत उभे होते. मी दुसरी बाटली उघडली तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, प्लेटा घासल्या पाहिजेत. घासायलाच बसवल्यात त्या."

"ठाऊक आहे मला, गफूरभाई."

"ठाऊक आहे तर मग ठीक."

मी दुसरी बाटली घातली. पूर्ण. आधी अर्धीच घालणार होते. अर्ध्यावर हात थांबलाही होता, पण पुन्हा मैदान, पुन्हा आठ, पुन्हा अर्धी, एवढा वेळ त्या दिवशी कुणाकडे नव्हता. खरं तर घातल्यावर एक साधी तपासणी करायची असते. एक चाक जॅकवर उचलायचं आणि ते फिरवायला किती जोर लागतो ते काट्याच्या पान्याने मोजायचं. वीस मिनिटांचं काम. तेही केलं नाही. आवाज गेला. रोहितने माझ्याशी हात मिळवला. दुसऱ्या दिवशी अमेरिकन पाहुण्यांनी कॅम्पसमध्ये फेरी मारली, आणि पंधरा दिवसांत शिफारसपत्र आमच्या कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर लागलं.

तेव्हापासून मला चैन पडेना. मी काही भित्री बाई नाही. गॅरेजमध्ये पन्नास पुरुषांसमोर 'तुमची चूक आहे' असं सांगून मी रोजी कमावत होते. पण दर सकाळी त्या पत्राकडे न बघता मी आत जायचे. पत्रात 'परिपूर्ण' असा शब्द होता. मी रोहितला फोन केला. म्हटलं, गाडी एकदा अर्धा दिवस द्या, तेल बदलून देते. तो म्हणाला, "मॅडम, गाडी एकदम स्मूथ आहे. का टच करायची?" महिन्याने पुन्हा केला, तर तो अमेरिकेला गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्या मुलीला जीपच माहीत नव्हती. आपटे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "गिऱ्हाईक खूश आहे. खूश गिऱ्हाईकाला फोन करून रडवायचं, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

दवाखान्यात थेट जावं हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पौड काही लांब नाही. पण जायचं म्हणजे डॉक्टरांना सांगायचं की मी चुकीचं केलंय, आणि मग कंपनीचं काय? रस्ते कोरडे होते. कोरड्या रस्त्यावर काही बिघडत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. फेब्रुवारीत सांगितलं, मार्चमध्ये सांगितलं, मे महिन्यात मुलांची सुट्टी होती. जूनमध्ये पाऊस लागला आणि मी रोज हवामानाची बातमी ऐकायला लागले. मिस्टर विचारायचे, "शेती घेतलीस की काय?"

जुलैतल्या एका गुरुवारी रजा टाकली. पिशवीत काट्याचा पाना घेतला, तेलाचा डबा घेतला, आणि स्वारगेटहून एसटी पकडली.

डॉक्टर नगरकर उंच, कृश, केस बारीक कापलेल्या. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या जीपच्या डिफरन्शियलची तपासणी राहिली आहे, तासभर गाडी मिळाली तर बरं." चूक हा शब्द तोंडातून निघाला नाही.

"आता वाडीवर निघालोय," त्या म्हणाल्या. "एक बाळंतपण अडलंय, निरोप आलाय. तुम्ही चला बरोबर. आल्यावर हवं तेवढा वेळ घ्या."

त्या वेळी 'थांबा' म्हणायला हवं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला अगणित वेळा विचारला आहे. बाळंतपण अडलेलं असताना कोण कुणाला थांबवणार. मी मागे बसले. जाताना गाडी नीट चढली. दत्तू वळणावर म्हणाला, "मॅडम, तुमी औषध घातलं आनि गाडी जनू लोण्यावर चालतीया." मी पिशवीतला पाना आणखी खाली सारला.

वाडीवर मंगल नावाची एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आदल्या दिवसापासून कळा सोसत होती. पहिलं बाळंतपण. बाळ आडवं होतं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, नळीने ठोके ऐकले आणि म्हणाल्या, "ठोके आहेत. पुण्याला न्यायचं. आत्ता." तिला गादीसकट मागे ठेवलं. तिचा नवरा तिच्या पायाशी बसला, मी डोक्याशी. तिने माझा हात धरला होता. इतक्या जोरात की बांगडी रुतली.

उतरणीला, ओढ्याच्या अलीकडे, वरून माती वाहून रस्त्यावर आली होती. दत्तूने ती टाळायला गाडी डावीकडे घेतली आणि डावं मागचं चाक कडेच्या चरात उतरलं. त्याने जोर दिला. डावं चाक गरगर फिरायला लागलं, चिखल उडवत. मी खाली उतरून पाहिलं. उजवं चाक मुरमावर होतं, चांगल्या घट्ट मुरमावर, आणि ते जागचं हलत नव्हतं.

ज्याची मला सहा महिने धास्ती होती ते माझ्यासमोर घडत होतं.

"दत्तू, जोर देऊ नका, चाक आणखी रुतेल."

"मग काय करू मॅडम? ही तर अशा चिखलाची गाडी हाय म्हनले व्हते."

आम्ही दगड टाकले. गवत उपटून चाकाखाली घातलं. मंगलचा नवरा आणि मी ढकलत होतो, डॉक्टर आतून तिला धरून होत्या. गाडी इंचभर पुढे यायची आणि परत बसायची. पावसाने डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. नवरा ढकलताना सारखं एकच म्हणत होता, "व्हईल, आता व्हईल." किती वेळ गेला हे मी घड्याळात पाहिलं नाही. डॉक्टरांनी पाहिलं होतं. चाळीस मिनिटं.

मग मला गफूरभाईंनी कधीतरी बोलता बोलता सांगितलेली एक युक्ती आठवली. साध्या डिफरन्शियलची गाडी अडकली की हँडब्रेक अर्धवट ओढायचा. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लागतो, ते जड होतं, आणि मग जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. मी रसायनवाली, गाडी चालवणारी नव्हे. साध्या गाडीची युक्ती मला या गाडीसाठी इतका वेळ आठवली नव्हती, कारण ही गाडी साधी नाही असं माझ्या डोक्यात बसलेलं. ती साधी मीच केली होती.

"दत्तू, हँडब्रेक ओढा. पूर्ण नको, दोन-तीन दाते. आणि हळू जोर द्या."

"बिरेक लावून?"

"ऐका माझं."

त्याने ओढला. डावं चाक मंदावलं, उजव्याने मुरूम धरला, आणि गाडी कण्हत वर आली. पहिल्याच प्रयत्नात.

पुण्याच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मंगलला आत नेलं. मी चिखलाच्या साडीत व्हरांड्यात उभी होते. बसवत नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, आणि प्रत्येक फेरीला नवरा मान वर करून बघायचा, जणू मला काही ठाऊक आहे.

डॉक्टर नगरकर बाहेर आल्या. नवऱ्याशी बोलल्या. मग माझ्याकडे आल्या.

"मंगल ठीक आहे. बाळ गेलं."

मी विचारलं, "डॉक्टर, ती चाळीस मिनिटं..."

"मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "ओढ्यापाशी ठोके मंद होते. पुण्यात आलो तेव्हा नव्हते. चाळीस मिनिटं आधी पोचलो असतो तर कदाचित वाचलं असतं. कदाचित नाहीही. तुम्ही का विचारताय?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. दुसरी बाटली, अमेरिकन पाहुणे, न केलेली वीस मिनिटांची तपासणी, फेब्रुवारी, मार्च, मे. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं त्या चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गाडी दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो?" एवढंच त्यांनी विचारलं.

"एक दिवस."

"मग उद्या करा. गुरुवारी मला ती लागेल."

दुसऱ्या दिवशी गफूरभाईंनी पेटी उघडली. चकत्या काढून पुसल्या, कारण औषध त्यांच्यात मुरलेलं होतं, नुसतं तेल बदलून भागत नाही. नवं तेल, एक बाटली, त्याहून थेंबभर जास्त नाही. चाक उचलून काट्याच्या पान्याने जोर मोजला. एकदा, दोनदा, पाच वेळा. पाचव्यांदा गफूरभाईंनी पाना माझ्या हातातून काढून घेतला. "बरोबर आहे, मॅडम. पुरे." त्यांनी बाकी काही विचारलं नाही. त्यांना दत्तूने सांगितलं असावं. गाडी बाहेर काढली तेव्हा वळताना मागून बारीक घुरघुर आली. दत्तू घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "येऊ द्या. हा आवाज गेला तर मला कळवा."

आपटे साहेबांना मी सांगितलं की सॉफ्टवेअर कंपनीला आणि दवाखान्याला पत्र लिहायचं आहे. मसुदा वाचून त्यांनी पेन काढलं. "'चूक' लिहू नका. 'सुधारित शिफारस' लिहा. चुका माणसं करतात, कंपन्या शिफारसी सुधारतात." मी कंपनीचा कागद वापरला नाही. वहीचं पान फाडून माझ्या नावाने लिहिलं आणि 'चूक' हाच शब्द ठेवला. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण भिंतीवरचं पत्र एका सकाळी तिथे नव्हतं. ते त्यांनीच काढलं होतं. नोकरीवरून काढलं नाही. मी निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. या डिफरन्शियलमध्ये काय घालायचं, किती घालायचं आणि घातल्यावर काय मोजायचं, याचं एक मराठी पान मी तयार केलं. पुण्यातल्या बऱ्याच गॅरेजांत ते अजून भिंतीला असेल, तेलकट होऊन. त्याचा मला अभिमान आहे, हे लपवून काय करू.

पण दवाखान्याचं काम झालं, पत्र गेलं, तरी माझी फेऱ्या मारायची सवय जाईना. जेवताना उठून उभी राहायची. डॉक्टर नगरकरांना मी म्हणाले, "मला मंगलला सांगायचंय."

"कशासाठी?" त्यांनी विचारलं. "तिच्यासाठी की तुमच्यासाठी?"

तीन महिने गेले. दिवाळीनंतर एका गुरुवारी मी डॉक्टरांबरोबर वाडीवर गेले. त्या नको म्हणाल्या नाहीत, चलाही म्हणाल्या नाहीत.

मंगल अंगणात नाचणीची कणसं बडवत होती. मला ओळखलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. गाडी चिखलातून निघायला हवी होती, ती माझ्यामुळे निघाली नाही, मी तेलात औषध जास्त घातलं होतं.

तिने काठी बाजूला ठेवली. "म्हंजी गाडी अडकली नसती तर त्ये वाचलं असतं?"

"ठाऊक नाही, मंगल. डॉक्टरांनाही ठाऊक नाही. वाचलं असतं कदाचित."

ती कणसातले दाणे नखाने काढत राहिली. मला वाटलं आता रडेल, किंवा मला हाकलून देईल. आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी माझं ओझं हलकं करायला इथवर आले होते, आणि ते या मुलीच्या डोक्यावर ठेवलं होतं. मी उठायला लागले.

"कुठं चालला?" ती म्हणाली. "ह्ये आत चला आनि सासूबाईला सांगा."

"सासूबाईंना?"

"ती म्हनती म्या पोटुशी असून भात लावायला गेले म्हून पोर आडवं झालं. चार म्हैनं झालं, रोज म्हनती. आल्यागेल्याला सांगती. तिला सांगा. मला सांगताव तसंच सांगा. तेलाचं बी सांगा."

मी आत गेले. म्हातारी चुलीपाशी बसली होती. हात जोडून मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. भात लावल्याने बाळ आडवं होत नाही, ते डॉक्टरांना विचारा, हे आधी सांगितलं. मग गाडीचं. मागची दोन चाकं, मधली पेटी, एकमेकींवर दाबून बसवलेल्या चकत्या. माझ्या सगळ्या नोकरीत कुणाला इतकं सावकाश, इतकं नीट समजावलं नसेल. शब्द अडत होते तिथे मी थांबत होते. मंगल दारात उभी राहून ऐकत होती.

म्हातारीने विचारलं, "म्हंजी जात्यात तेल सोडल्यावानी?"

"हो," मी म्हणाले. "अगदी तसंच."

"मग कशाचं दळतंय," ती म्हणाली.

ती चुलीकडे बघत राहिली. लाकूड आत सारलं. सुनेकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मंगल चहाचं पातेलं घ्यायला पुढे झाली, तशी म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिच्या हातातून पातेलं घेतलं.

"तू बस," ती म्हणाली. "च्या म्या ठेवते."

मंगल भिंतीला टेकून खाली बसली. मला काही बसवेना. चहा झाल्यावर तो मी दारातच, उभ्याने प्यायले.